मोटर बंद म्हणजे प्रेस बंद नव्हे

भाचा प्रेसशॉपला (पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या पॉवर प्रेस यंत्रांच्या विभागाला) ॲप्रेंटिस म्हणून लागला आणि लगेच त्याच्या फोनवर हा मेसेज आला: ‘पॉवर प्रेसची मोटर बंद केली की अडकलेला पीस हाताने काढायला हरकत नाही. जाड ग्लोव्हज घातले की बोटं वाचतात. तरी बोट तुटलंच, तर लगेच बर्फात टाका.’ पोरं हे खरं मानतात, म्हणून राग येतो.

पहिली गोष्ट सगळ्यात घातक. ठोक्याची ताकद फ्लायव्हीलमध्ये साठलेली असते आणि मोटर बंद झाल्यावरही ते जड चाक फिरतच राहतं. जुन्या की-क्लच प्रेसवर (यात ‘की’ नावाची खुंटी फिरतं चाक शाफ्टला जोडते) पेडलला चुकून पाय लागला किंवा क्लचची स्प्रिंग तुटली, की रॅम, म्हणजे ठोका मारणारा जड भाग, खाली येतो. एकदा ती ‘की’ अडकली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय तो थांबत नाही. चाक थांबलं तरी ब्रेकचं लायनिंग झिजलेलं असेल, तर वर असलेला रॅम स्वतःच्या वजनाने घसरतो.

म्हणून आधी मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. दोघं कामाला असतील तर कुलपं दोन. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर लाइनमधली हवा सोडून गेज शून्यावर आणायचा. चाक थांबलेलं डोळ्यांनी बघायचं, स्टार्ट बटण दाबून मशीन उठत नाही याची खात्री करायची आणि मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (त्याला खालून अडवणारा भक्कम ठोकळा) लावायचा. एवढं करूनही पीस काढायचा तो चिमट्याने किंवा हुकानेच.

ग्लोव्हजचं म्हणाल, तर पत्र्याची धार आणि बर (कापलेल्या कडेचे टोकदार कंगोरे) यांपासून ते वाचवतात, तेवढं मान्य. रॅमखाली त्यांचा काडीचा उपयोग नाही. फिरत्या शाफ्टपाशी किंवा बेल्टपाशी तर ग्लोव्ह आधी अडकतो आणि मागून हात ओढला जातो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम 22 ने चालू यंत्राची तपासणी किंवा ऑइलिंग करणाऱ्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे सांगितले, ते यासाठीच. शिवाय तो माणूस खास प्रशिक्षित असावा आणि त्याचं नाव रजिस्टरमध्ये नोंदलेलं असावं, अशी त्यात अट होती. महिन्याभरापूर्वी आलेला ॲप्रेंटिस यात कुठे बसतो?

आता बर्फ. बोट थंड ठेवायचं हे बरोबर, पण थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठतात, रक्तवाहिन्या खराब होतात आणि जोडता येण्यासारखं बोटही वाया जातं. आधी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचला. तुटलेला भाग सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पक्कं बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. हळद, डेटॉल काही लावू नका. पिशवी जखमी माणसाबरोबर त्याच गाडीत पाठवा.