सुट्टीच्या विषयात हिटलर आणि भिंत कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी : मुलगी पुण्यात जर्मन शिकते, वर्गात तिला ‘जर्मन लोक आणि प्रवास’ यावर दहा मिनिटं बोलायचंय, आणि जर्मनांच्या प्रवासावरचा माझा लेख नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा, ऑक्टोबरफेस्टचा बिअर-उत्सव बाजूला सारून तिला राजकारणात ढकलतो.

राजवाड्यांच्या फोटोंना माझी ना नाही. पण पाहुण्यांनी बघायचं जर्मनी वेगळं आणि जर्मन माणूस स्वतः कसा फिरतो हे वेगळं. विषय दुसरा आहे.

किल्लाच हवा असेल तर जर्मनीतल्या आल्टेना गावचा घ्या. १९०९च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड शिरमान हे शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठलं आणि रात्र एका गावच्या शाळेत, पेंढ्यावर काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पायी हिंडणाऱ्या मुलांना तिथे झोपायला का मिळू नये? या विचारातून पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल उभं राहिलं. शाळकरी मुलांना यात जड काय आहे?

नाझी काळ वगळा म्हणता, पण हीच हॉस्टेलं तेव्हा हिटलरच्या युवक संघटनेने ताब्यात घेतली. कामगारांच्या स्वस्त सहलीसुद्धा सरकारी प्रचाराचा भाग झाल्या. ऱ्युगेन बेटावर प्रोरा इथे २०,००० लोकांच्या सुट्टीसाठी सुमारे साडेचार किलोमीटर लांबीची इमारतींची रांग १९३६ साली बांधायला घेतली. १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि ती योजना तशीच राहिली.

‘पूर्व जर्मनी तर आता नकाशावरही नाही,’ असंही तुम्ही लिहिलंय. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. तिथल्या सामान्य माणसाला पश्चिमेला जायची मुभा नव्हती, पण हंगेरीला जाता यायचं. म्हणून बर्लिनच्या भिंतीमुळे पूर्व-पश्चिमेत ताटातूट झालेली कुटुंबं उन्हाळ्यात हंगेरीतल्या बालाटोन सरोवराकाठी भेटायची. १९ ऑगस्ट १९८९ला हंगेरीतल्या सोप्रोनजवळ ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं फाटक थोडा वेळ उघडलं आणि ६००हून अधिक पूर्व जर्मन ऑस्ट्रियात निघून गेले. कित्येक जण घरून सुट्टीवर म्हणून निघालेले होते. ९ नोव्हेंबरच्या ज्या घोषणेनंतर बर्लिनची भिंत उघडली, ती घोषणासुद्धा प्रवासाच्या नव्या नियमांचीच होती! ज्यांना अडवून ठेवलं होतं, त्यांच्याविषयी न बोलता जर्मनांच्या प्रवासाविषयी कसं बोलायचं?

रजेच्या कायद्याला एक वाक्य पुरे : पाच दिवसांचा आठवडा असेल तर वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा. शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या राज्याराज्यांत मागेपुढे असतात, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी महामार्गावर येत नाही, हेही जाता जाता सांगता येईल.

दहा मिनिटांत सगळं मावणार नाही, हे तुमचं बरोबर. मग तिने शिरमान आणि बालाटोन एवढंच घ्यावं. एक नकाशा, दोन फोटो, आणि परफेक्टमधली (म्हणजे जर्मनमधल्या बोलण्यातल्या भूतकाळातली) छोटी छोटी वाक्यं. पाठ केलेला लांबलचक परिच्छेद नको. मध्येच कुणी प्रश्न विचारला की पाठ केलेलं हमखास विसरायला होतं.