म्हादईवर एवढं बोलतो, बोअरवर का नाही?

गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादई नदीचं पाणी मलप्रभा नदीत वळवण्यावरून आपल्या बेळगाव जिल्ह्यात वर्षानुवर्षं मोर्चे, बंद, कोर्टकचेऱ्या चालल्यात. २०१८ साली पाणीतंटा लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ हे पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेसाठी. हे आकडे चहाच्या टपरीवरही पाठ असतात. पण कणकुंबीची मलप्रभा किंवा बैलूरकडून येणारी आपली मार्कंडेय नदी दिवाळीनंतर कशावर वाहते, हे मी एकाही सभेत ऐकलेलं नाही.

ते पाणी जमिनीतलं असतं. पावसाळ्यात मुरलेलं पाणी मुरमात, खडकाच्या फटींत साठतं आणि पुढं कित्येक महिने झिरपत ओढ्याला, नदीला मिळतं. काठच्या विहिरींची पातळी नदीच्या पाण्यापेक्षा वर आहे तोवरच हे चालतं. बोअरमागून बोअर मारून ती खाली नेली की उलटं होतं, नदीच जमिनीत उतरायला लागते. तरी आपण म्हणतो, बोअरचं पाणी वेगळं, नदीचं वेगळं! सरकारचाही हिशेब तसाच. नदीचं पाणी टीएमसीत मोजायचं आणि १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. त्यातून किती उपसलं, कोण विचारतो?

यात शेतकऱ्याला दोष देणं मला अजिबात पटत नाही. उसाला कारखाना आहे, एफआरपी म्हणजे कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान दर आहे. ज्वारी-हरभऱ्याला तशी हमी द्या, मग उसाबद्दल बोला. ठिबक चांगलंच, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला तर नदीच्या वाट्याला काय आलं?

बेळगाव शहराजवळच्या हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी विरोध केला तो पिकाऊ जमिनीसाठी. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बासमतीच्या शिवाराबद्दल मला आणखी एक सांगायचंय. बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरायची, थांबायची ती जागा आहे. तिथं भराव टाकला की पूर वस्तीत शिरणार आणि मुरायचं पाणी वाहून जाणार.

हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केली आणि गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. आपल्याकडंही गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी दसऱ्याला आणि मे महिन्यात मोजून पंचायतीच्या फळ्यावर लिहिता येईल, रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरवता येईल. नदीकाठच्या पट्ट्यात नवीन बोअर नको, असा ठराव मी आमच्या पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहे. कुणाच्या गावात असा ठराव आधीच झाला असेल तर कन्नड किंवा मराठी, कुठलीही प्रत मला पाठवा.