काय उचललं होतं?

कंबर धरून चालणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय उचललं होतं?" गॅसचं सिलिंडर, गव्हाचं पोतं, गेला बाजार लग्नातलं एखादं पातेलं, काहीतरी वजनदार उत्तर द्यावं लागतं. मी बेसिनवर वाकून दात घासत होतो आणि शिंकलो. बस्स, एवढंच. कमरेतून कळ निघाली ती डाव्या पोटरीपर्यंत गेली, आणि मी नळ धरून तसाच वाकलेला राहिलो. बायकोला हाक मारावी तर तोंडात फेस.

आता हे सांगलीत सांगायचं कुणाला? हिंदकेसरी मारुती मान्यांचा हा जिल्हा. मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर घेऊन माणसं सरळ चालतात. तिथं मी शिंकेनं आडवा! "शिंकलो" म्हटलं की समोरचा जरा थांबायचा, मग आवाज खाली आणून म्हणायचा, "पण त्याआधी कायतरी उचललं असणारच की ओ." शेवटी मी सिलिंडर कबूल करून टाकलं. भरलेलं.

समोरच्या काकूंनी निदान केलं, "उसण भरलीय." उसणीवर उतारा म्हणजे पायाळू माणसाची लाथ. जन्मताना जो आधी पाय बाहेर काढतो तो पायाळू, आणि त्याचा पाय कमरेला लागला की उसण पळते, अशी आपल्याकडं पक्की समजूत. काकूंचा भाचाच पायाळू निघाला. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि दुर्दैवानं माझा माजी विद्यार्थी. मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं गेलं. पोरगं आधी माझ्या पाया पडलं. "सर, माफ करा हं." मग बूट काढला, मोजा काढला, मोज्याची घडी करून बुटात ठेवली आणि माझ्या कमरेला तळवा नुसता टेकवला.

"जोरात मार की रे!" काकू ओरडल्या.

"कसं मारू, आत्या? नववीत यांनी मला सगळ्या वर्गासमोर..."

"मग तेच आठव आणि मार!"

बसली. पोरगं पुन्हा पाया पडलं. उसण होती तिथंच राहिली, पण त्याच्या चेहऱ्यावर नववीपासूनचा हिशेब मिटल्याचं समाधान दिसलं.

पाठोपाठ साडू आले, त्यांचा कमरेचा पट्टा आणि एमआरआयची फिल्म घेऊन. आमच्या नात्यात प्रत्येकाच्या कपाटामागं अशी एक फिल्म असतेच. ती खिडकीच्या उजेडात धरायची आणि बोट ठेवून म्हणायचं, "ही बघा, मणक्यात गॅप." मला काही दिसलं नाही, पण पाहुण्यांच्या मुंज झालेल्या मुलाकडं पाहावं तसं कौतुकानं पाहिलं.

सांगलीकराचं दुखणं घरात आवरेना की ते मिरजेला जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरानं तिथं दवाखाना काढला, तेव्हापासूनची ही वहिवाट. रिक्षावाल्यानं वाटेतला एकही स्पीडब्रेकर चुकवला नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा कणा उभा होता. मानेचे ७ मणके, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. मी मनात बेरीज केली, ३३ बरोबर आले. खालचे वयानुसार जुळत जातात आणि मोठेपणी हाडं उरतात २६. मणक्यांच्या मध्ये गाद्या : बाहेर चिवट तंतूंची वलयं, आत पाणीदार गर. दिवसभराच्या भारानं गरातलं थोडं पाणी निघून जातं, रात्री आडवं झालं की परत भरतं, म्हणून माणूस संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटका होतो.

"तरीच," बायको म्हणाली.

"आणि डॉक्टर, ती गॅप?"

"गॅप असायलाच हवी. गादी झिजली की ती कमी होते, तेच फोटोत दिसतं." साडूंना हे सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही. गादीचं वलय चिरलं की कडेनं फुटलेल्या करंजीतून सारण यावं तसा गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेच्या मुळावर दाब पडतो. कमरेच्या खालच्या दोन गाद्यांत हे जास्त घडतं. तिथली मुळं पुढं सायटिक नसेत जातात. ती शरीरातली सगळ्यात जाड नस. त्यामुळं बिघाड कमरेत आणि बोंब पोटरीत.

"शिंकेनं होतं हे?" मी हळूच विचारलं.

"होतं की! शिंकताना पोटातला दाब एकदम वाढतो, त्यात तुम्ही वाकलेले. झिजलेल्या गादीला तेवढं निमित्त पुरतं."

मी बायकोकडं पाहिलं. सिलिंडर उगाच खर्ची पडलं होतं.

मग मला उताणं झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. अर्ध्यावर मी ओरडलो, डॉक्टर खूश. नंतर टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. "लघवीवर ताबा आहे ना? बसायच्या जागी बधिरपणा?" मी संकोचलो, तर बायकोनं उत्तर दिलं, "रात्री उठतात, पण ते आधीपासूनच." प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली नसांचा नुसता जुडगा असतो. तो सगळाच चेपला गेला तर लघवी अडते किंवा ताबा जातो, आणि मग तातडीनं ऑपरेशन करावं लागतं.

माझ्या बाबतीत तसलं काही नव्हतं. "एमआरआयसुद्धा आत्ता नको," डॉक्टर म्हणाले. मी खट्टू झालो. फिल्मशिवाय नातेवाइकांत दुखणं खरं कोण मानतो? त्यावर त्यांनी १९९४ सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगितला. पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. फक्त झोपून राहायचं नाही, झेपेल तसं चालायचं.

हे वाक्य बायकोनं जपून ठेवलंय. दूध, भाजी, गिरणी, सगळं आता माझ्या उपचारात मोडतं.

फार वेळ बसायचंही नाही. नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गाद्यांत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभं राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त निघाला. (त्या सुईला तयार झालेली माणसं कोण होती, देव जाणे.) मी हे मनावर घेऊन शाळेच्या मीटिंगला उभा राहिलो. मुख्याध्यापकांना वाटलं मला हरकत घ्यायचीय. त्यांनी विषयच तहकूब केला. आता सहकारी मला मीटिंगच्या आदल्या दिवशी चहा पाजतात.

पट्टा फार दिवस लावू नका, स्नायूंना काम करू द्या, असंही डॉक्टर म्हणाले होते, म्हणून तो सोडला. तर काकू घेऊन गेल्या. त्यांना तो पुरेना, म्हणून त्यांनी जुन्या साडीचा काठ जोडून घेतला. साडूंचा अधूनमधून फोन येतो : "मोकळा झाला का पट्टा? इकडं व्याह्यांची भरलीय." मी सांगतो, पाठवतो, पण आता तो मोतिया रंगाच्या काठाचा आहे.