एकच भाडं, दोनदा मोजलं

लेकीच्या शिष्यवृत्तीचं अपील फेटाळलं. कारण एका ओळीत: "कौटुंबिक उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त." बरोबर हीच ओळ पहिल्या नकारात होती आणि त्या ओळीविरुद्धच आम्ही अपील केलं होतं. म्हणजे तुम्ही चुकलात असं सांगायला गेलो, तर त्यांनी चूक पुन्हा मोठ्याने वाचून दाखवली.

ओबीसीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आईवडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आमच्या घरात येतं काय? ह्यांचा फोंड्यातल्या दुकानातला पगार महिना ११ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. मागची खोली भाड्याने दिलीय, महिना सात हजार, वर्षाचे ८४ हजार. झाले २ लाख १६ हजार. चौथीतलं पोर करेल ही बेरीज.

पण आम्ही शहाणे! बँकेने शैक्षणिक कर्जासाठी रिटर्न मागितलं म्हणून दोघांचं रिटर्न भरलं. आणि गोंयकार नवराबायको म्हटली की १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ५ए आलंच. पगार ज्याचा त्याचा, बाकीचं उत्पन्न मात्र दोघांत निम्मं निम्मं. भाड्यातून आधी तीस टक्के वजावट जाते, उरले ५८,८००, ते अर्धे ह्यांच्या रिटर्नमध्ये आणि अर्धे माझ्या. २९,४०० आणि २९,४००. लग्नाच्या वेळी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर सह्या केल्या तेव्हाच हे ठरलेलं. पोर्तुगीज गेले, नवराबायकोची मिळकत सामाईक धरणारा त्यांचा कायदा राहिला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार शिष्यवृत्तीच्या कचेरीतल्या त्या टेबलाबद्दल आहे. तिथे भाडेकरार पाहून ८४ हजार लिहिले. मग ह्यांचं रिटर्न पाहून २९,४०० लिहिले. मग माझं पाहून आणखी २९,४००. वर पगार. एकूण २ लाख ७४ हजार ८००. लाल पेनने गोल. एका खोलीचं भाडं तीन कागदांवर दिसलं म्हणून तीन उत्पन्नं! उद्या मी त्या खोलीचा फोटोही जोडला असता तर त्याचेही पैसे धरले असते.

मी समजावून सांगितलं. अगदी शांतपणे सुरुवात केली, देवाशपथ. सायबा, हे तेच पैसे आहेत, हा करार आणि ही त्याची वाटणी. टेबलावरचा म्हणाला, "पूण बाये, तुज्या नांवार इन्कम दिसता न्हय?" दिसतंय रे, पण ते ह्यांच्या नावावरून अर्धं काढून माझ्या नावावर आलंय! "मागीर तुजें इन्कम आसा." म्हणजे मग ते तुझंच. यानंतर माझा आवाज चढला. मराठीतून कोकणीत गेले, तिथून इंग्रजीत. माझं इंग्रजी रागातच बरं येतं. लेक मागून पदर ओढत होती, "आई, सगळी आयकतात गो." ऐकूदेत! गोव्याच्या सरकारी कचेरीत बसून गोव्याचाच कायदा ठाऊक नसेल तर तो काय लिस्बनच्या माणसाने येऊन समजवायचा?

बरं, अर्ज 'डिफेक्ट' मारून परत पाठवला असता तर दुरुस्त करून पुन्हा सादर करता आला असता. नाही. 'रिजेक्ट'. आता ऑनलाइन त्या अर्जाला हातच लागत नाही, नुसता बघायचा. कॉलेज म्हणतं आम्ही वर पाठवला, वरचे म्हणतात कॉलेजने नीट तपासायला हवा होता. आणि साहेब? साहेब मिटिंगला. "फाल्यां येयात." म्हणजे उद्या या. फोंड्याहून पणजीला यायचं म्हणजे बाणस्तारीच्या पुलावरची वाहनं मोजत यायचं. ह्यांचा अर्धा दिवस बुडाला की पगारही कापतात. तेवढंच उत्पन्न कमी झालं, कदाचित त्यानेच पात्र होऊ.

आणि हेच कुटुंब नॉन क्रीमी लेयरच्या दाखल्याला गेलं की तिथे मर्यादा आठ लाखांची आणि पगार धरतच नाहीत. एका खिडकीवर पगार नाही, दुसऱ्या खिडकीवर भाडं दोनदा. मी एकच बाई, पण कुठल्या रांगेत उभी आहे त्यावर माझी श्रीमंती ठरते.

बाई एकच, हेही मला अॅफिडेव्हिट करून सांगावं लागलंय. लग्नात माझं नाव बदललं, आमच्यात बदलतातच. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. 'ती आणि मी एकच' असं नोटरीपुढे शपथेवर लिहून दिलं. तिथे दोन बायका एक करायला पैसे घेतले, इथे एका खोलीच्या तीन खोल्या फुकट केल्या.

एक-चौदाच्या उताऱ्याचं, म्हणजे आमच्या गोव्यातल्या सातबाऱ्याचं, तर बोलूच नका. सासऱ्यांच्या आजोबांच्या काळापासूनची नावं, त्यातली निम्मी माणसं वर गेलेली, आणि त्यात आमचंही नाव दिसतं म्हणून "जमीन आसा मगे तुमची?" आहे ना. काजूची चार झाडं आणि दरवर्षी चवथीला होणारं भांडण. त्याचंही उत्पन्न धरा.

ह्या सगळ्यात ज्यांचा धंदा रोखीत चालतो ते आरामात. दारात दोन गाड्या, सीझनला पाहुण्यांना खोल्या, आणि दाखल्यावर उत्पन्न एक लाख. त्यांचा मुलगा पात्र. कागदावर पैसा दिसला नाही की माणूस गरीब. आम्ही भाडेकरार रजिस्टर केला, रिटर्न भरलं, चलन जपून ठेवलं. प्रामाणिकपणाच्या तीन-तीन झेरॉक्स काढून दिल्या!

माझं अपील पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असता म्हणा. परिशिष्ट अ, ब, क. पिवळ्या हायलायटरने कलम ५ए. उत्पन्नाचा तक्ता, त्याखाली बाण, बाणाखाली 'कृपया हे पुन्हा मोजू नये'. लेकीने पहिलं पान वाचूनच कपाळाला हात लावला. टेबलावरच्याने गठ्ठा हातात तोलला आणि म्हणाला, "इतलें कोण वाचतलो?" मी तरी वाचलं असतं का, कोण जाणे. पण मला त्याचा पगार मिळत नाही.

आता माहितीचा अधिकार. दहा रुपये आणि एकच प्रश्न: कुठल्या नियमाने ८४ हजारांत ५८,८०० मिळवले? मसुदा लेकीने तपासला आणि सगळी विशेषणं खोडून टाकली. टाइप करताना त्यातलं एक मी परत घातलंय.