माश्या मारणारे गृहस्थ

"म्हणजे तुम्ही इथे माश्या मारता."

काल सकाळी पावणेसात वाजता, शहराच्या मधोमध असलेल्या तलावाच्या सिमेंटच्या काठावर, एका काकांनी माझ्या सहा वर्षांच्या साधनेचा हा असा निकाल लावला. प्रश्नसुद्धा नव्हता तो, नोंद होती. आणि जास्त झोंबतंय ते हे की ही नोंद मीच त्यांच्या तोंडात घातली. "हे काय चाललंय?" असं त्यांनी विचारल्यावर 'फ्लाय फिशिंग' एवढं म्हणून गप्प बसायचं, तर मी मराठीचा कैवार घ्यायला गेलो. म्हणालो, "माशी वापरून मासे धरायचा प्रकार आहे, काका."

आता प्रकार आहे तो असा. नेहमीच्या गळाला शिसं असतं, म्हणून तो भिरकावला की जातो. आमची माशी म्हणजे छोट्या आकड्यावर पिसं, लोकर नि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तिला वजन नसल्यातच जमा. वजन असतं दोरीला. आठ नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात. तेवढ्या भांडवलावर नऊ फुटी रॉड वाकवायचा, दोरी आधी मागे हवेत पुरती उलगडू द्यायची आणि मगच पुढे सोडायची. मागे म्हणजे जिथे काका उभे होते तिथे.

"काका, जरा बाजूला होता का? मागून दोरी येते."

"येऊ द्या की. माझं काही म्हणणं नाही."

"लागेल तुम्हाला."

"पण तलाव पुढे आहे. मागे कोणाला धरायचंय?"

"कोणालाच नाही. मागे गेल्याशिवाय ती पुढे जात नाही."

काकांनी मान डोलावली. "आमच्या ऑफिसात फाइलचं असंच होतं."

मग ते दोन पावलं सरकले. मागेच सरकले, फक्त आणखी मागे. हातात काठी, डोक्याला कानटोपी, बगलेत पावाचं पाकीट. "टीव्हीवर पाहिलंय मी हे," ते म्हणाले. "माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. पाणी नितळ असतं. मागे बर्फाचे डोंगर." आणि मागे वळून त्यांनी पंपहाउसकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"इथे मिळतं काय?"

"कार्प."

"म्हणजे सिप्रिनस? तो तर गाळ खातो."

इथे माझं डोकं फिरतं. या छंदात ट्राउट नि सामन हे मानाच्या पंगतीला. बाकी कार्प, मांगूर, चिलापी वगैरे मंडळींना इंग्रजीत एकगठ्ठा 'रफ फिश' म्हणतात. म्हणजे आले तर आले, आग्रह नाही. आणि हा अपमान या माशाने मागून घेतलेला नाही. 1877 मध्ये अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगाने खाण्याला उत्तम म्हणून जर्मनीहून कार्प मोठ्या कौतुकाने मागवले, बाल्टिमोरच्या तळ्यात वाढवले नि तिथून गावोगाव वाटले. पुढे त्याच देशात ते निपटून काढण्यावर सरकारी पैसा जाऊ लागला. आधी पायघड्या, मग कचरा म्हणून हेटाळणी. जावयाचंसुद्धा इतक्या लवकर असं होत नाही.

आणि धरून बघा म्हणावं एकदा! काल माझ्यापासून वीस फुटांवर एक होता. डोकं गाळात, शेपटीचं टोक पाण्याबाहेर, भोवती बारीक बुडबुड्यांची साय. माशी त्याच्या नाकापुढे वीतभर पडायला हवी. डोक्यावर पडली तर तो पळतो, लांब पडली तर ढुंकून बघत नाही. बरं, घेतली तरी आपल्याला कळेलच असं नाही. त्याला मिशांवर चव कळते, ओठांवर कळते, टाळूला तर खास मांसल गादीच असते. गाळासकट घास ओढायचा, कामाचं ठेवायचं, उरलेलं थुंकायचं. माझी लोकरीची माशी दुसऱ्या वर्गात मोडते. सहा वर्षं मी या माशांना पाण्यात पाहतोय, आणि तेही मला.

मी दोरी मागे उलगडली. अगदी सरळ, सुरेख. आता पुढे सोडणार, एवढ्यात काकांनी सिमेंटवर काठी आपटली. ठक ठक.

"तो बघा! तो बघा तिथे!"

होता. ठकठक झाल्यावर नव्हता. कार्पच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याला फार चांगलं ऐकू येतं. काठावरचं आपलं बोलणं पाण्यात फारसं उतरत नाही, पण काठी उतरते. हे मी काकांना सांगितलं. बऱ्याच सौम्य शब्दांत सांगितलं.

"अस्सं?" काका म्हणाले, आणि खात्री करून घ्यायला पुन्हा दोनदा आपटली.

मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "धरल्यावर खाता?"

"नाही. हात ओले करून अलगद धरतो, आकडा काढतो नि सोडून देतो."

"मग धरता कशाला?"

याचं उत्तर मला सहा वर्षांत सापडलेलं नाही. घरीही हाच प्रश्न येतो, तिथे निदान उत्तराची वाट न पाहता दुसरा विषय निघतो. काका वाट पाहत उभे राहिले.

तेवढ्यात पुलावरून एकाने चालता चालता गाठ मारलेली पिशवी पाण्यात भिरकावली. धप्पकन. काठीच्या दहापट आवाज. त्याला कोणी हटकलं नाही. 'हे काय चाललंय' नाही, 'कशाला' नाही. नऊ फुटांचा रॉड घेऊन उभ्या असलेल्या माणसाची मात्र चौकशी होते, परवान्याचा कागद खिशात ठेवावा लागतो. या तलावातून मी आजवर मासे जितके काढले असतील त्याच्या तिप्पट पिशव्या काढल्या आहेत, दोन चपला (जोडी नव्हे) आणि एक छत्री. पिशवी लागली की रॉड छान वाकतो, चार सेकंद माणूस सुखात असतो. शिवाय घरातली काचेची टाकी आवरून लोक गोल्डफिश इथे आणून सोडतात, ते वेगळंच. तो कार्पचाच भाऊबंद, चिवट. थंड पाण्यातला ऑक्सिजन संपला तर शरीरात अल्कोहोल तयार करून दिवस काढतो. मला कधीकधी त्याचा हेवा वाटतो.

असो. काकांनी पावाचं पाकीट उघडलं नि चार तुकडे टाकले. अर्ध्या मिनिटात तोंडं वर आली. एक, तीन, सात. गोल, गुबगुबीत, च्युक च्युक. मी सहा वाजल्यापासून ज्यांच्या दर्शनाला उभा होतो ते सगळे काकांच्या पायाशी. आणि आता काठीचं कोणालाच काही नव्हतं.

माझ्याकडेही पाव आहे. म्हणजे पांढऱ्या फोमची, पावाच्या तुकड्यासारखी दिसणारी माशी आहे. अशा वेळी खरा पाव लावणं आमच्यात पाप, खोटा चालतो. गाठ मारताना हात थरथरत होते, कबूल करतो. माशी अगदी तुकड्यांच्या मधोमध पडली. एक मोठा आला. पाठीवरचा एकेक खवला दिसत होता. माशीपाशी थांबला, ओठ पुढे काढले, तिला हलकेच बाजूला सारलं आणि पलीकडचा खरा तुकडा घेऊन गेला.

बाजूला सारलं! गर्दीत आपण एखाद्याला खांद्याने सारतो तसं.

काका बराच वेळ तरंगणाऱ्या माशीकडे बघत होते. मग म्हणाले, "तुमच्या पावाला कड नाही."

"काय?"

"कड. खऱ्याला बघा, तपकिरी कड आहे. तुमचा सगळा पांढरा. त्यांना कळतं हो." पाकिटातला शेवटचा तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "घ्या. नमुन्याला."

आणि गेले. ठक ठक ठक. वाटेत भेटलेल्या एकाला थांबवून त्यांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. ते दोघंही हसले. ऐकू आलं नाही, पण काय म्हणाले असतील ते मला माहीत आहे.

तुकडा घरी आणला. फेकणार होतो. रात्री साडेदहा वाजता टेबलावर आकडा शिकंज्यात धरून बसलोय. शेजारी तो तुकडा, तपकिरी रंगाचे तीन मार्कर. पहिला फार लाल आला. दुसरा बरा आहे, पण कड एवढी गडद नको. आणि हे सगळं काकांनी सांगितलं म्हणून चाललेलं नाही, मला ते आधीपासूनच करायचं होतं.