बैलाचं नाव कोण लिहून ठेवतं?

गावाकडचा आमचा दादा, माझा चुलतभाऊ, चैत्र जवळ आला की एक मजकूर दर वर्षी न चुकता फिरवतो. अमेरिकेत कुत्र्यांना बर्फातून हजार मैल पळवतात, तिथे ना कोर्ट आडवं येत ना पेटा ही प्राणिहक्कवाली संस्था, पेटाला फक्त आमच्या बैलगाडा शर्यतीतले बैल दिसतात, असा. खाली भंडाऱ्याने पिवळ्याजर्द झालेल्या घाटाचा, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीचा, फोटो आणि शंभरेक जणांच्या टाळ्या.

ती हजार मैलांची शर्यत, आयडिटारॉड, मी राहते त्या अलास्कातल्या अँकरेजमधून निघते. मार्चच्या पहिल्या शनिवारी फोर्थ ॲव्हेन्यूवर ट्रकने बर्फ आणून टाकतात, २०१६ साली तर तो फेअरबँक्सहून रेल्वेने आणावा लागला होता. पेटावाले त्याच शनिवारी फलक घेऊन उभे असतात. ती संस्थाच मुळी अमेरिकेतली, १९८० सालची. २०१७ मध्ये वेल्स फार्गोने शर्यतीचं प्रायोजकत्व सोडलं, २०२० मध्ये अलास्का एअरलाइन्सने आणि २०२१ मध्ये एक्झॉनमोबिलने आपण बाहेर पडतोय असं जाहीर केलं. कंपन्यांनी कारणं काहीही दिली असोत, मोहीम त्यांच्यावरच रोखलेली होती. तेव्हा 'फक्त आमचे बैल' हे साफ खोटं आहे, आणि खोट्यावर उभी केलेली बाजू पहिल्याच प्रश्नाला कोसळते. दादाची बाजू कोसळू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच त्या मजकुराचा राग येतो.

रागाला दुसरंही कारण आहे. पुण्यातली माझी मावसबहीण त्याच मजकुराखाली लिहिते, 'रानटीपणा आहे हा, परदेशात प्राण्यांना कसं वागवतात ते बघा.' तिच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये सायबेरियन हस्की आहे. दोन थरांच्या लोकरीचा, मैलोन्‌मैल पळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला प्राणी एप्रिलच्या पुण्यात एसीखाली पडून असतो आणि रात्री उशिरा त्याला सोसायटीभोवती फिरवून आणतात. हिच्यापेक्षा आमच्या घाटावरचा गाडामालक मला शंभर पटींनी बरा वाटतो. आपल्या बैलाला काय मानवतं हे त्याला कळतं. खारीक, अंडी, दूध, उडीद, घरात लेकरांच्या ताटात पडो न पडो, बैलाच्या खुराकात पडतं. हे मी पाहिलेलं आहे.

इथले मशर, म्हणजे कुत्र्यांच्या बर्फगाड्या हाकणारे, तेही असेच. चेकपॉइंटला पोचल्यावर मशर आधी पेंढा पसरतो, मग एकेका कुत्र्याच्या पायातले मोजे काढून पंजे तपासतो, चोळतो, बर्फ वितळवून त्यांचं खाणं शिजवतो. स्वतः जेवतो सगळ्यांत शेवटी, आणि झोपतो त्यांच्यापेक्षा कमी. शर्यतीआधी कुत्र्यांचं रक्त तपासतात, हृदयाचा आलेख काढतात. वाटेत एकदा चोवीस तास आणि दोनदा आठ-आठ तास सक्तीची विश्रांती असते. चाबूक नेता येत नाही. थकलेला कुत्रा चेकपॉइंटवरच सोडून द्यायचा, तिथून लहान विमानांचे स्वयंसेवक वैमानिक त्याला परत आणतात. यातलं बरंचसं टीका झाली म्हणून आलं किंवा कडक झालं, हे इथले जुने लोकही मान्य करतात.

आणि तरीही कुत्रे मरतात. २०२४ साली तीन मेले: नुलाटोच्या चेकपॉइंटपासून हाकेच्या अंतरावर कोसळलेला दोन वर्षांचा बॉग, कॅल्टागच्या पुढे जॉर्ज, शाक्टुलिकजवळ हेन्री. मला ही नावं माहीत आहेत कारण ती जाहीर केली गेली. वय, जागा, कुणाच्या संघातला, सगळं. शवविच्छेदन झालं, ते तिन्ही मशर शर्यतीतून बाहेर गेले. पुढच्या वर्षी गरोदर असलेली व्हेंटाना मेली, तेही छापून आलं. आजवर दीडशेहून जास्त कुत्रे मेले असं पेटा म्हणते. पत्रकारांनी पुन्हा पुन्हा मागूनही आयोजकांनी स्वतःचा एकूण आकडा दिला नाही, हे मला लाजिरवाणं वाटतं. इथल्या टीकाकारांचा त्याहून मोठा आक्षेप आहे तो उरलेल्या वर्षावर, साखळीला बांधून काढलेल्या दिवसांवर, आणि त्याला मशरांकडून समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

पण दादा, तू मला सांग, आपल्या घाटात गेल्या हंगामात किती बैल पडले? कुणाचा पाय मोडला? कुणाचा बैल नंतर उठलाच नाही? तुला दोन-चार आठवतील, शेजारच्या गावातल्यांना दोन-चार. 'घाटाचा राजा' कोण झाला, कुणाला दुचाकी मिळाली, कुणाची बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदांत झाली, हे पॉइंट-पॉइंटसकट तोंडपाठ आहे. पडलेल्या बैलाची नोंद मात्र गावाच्या कुठल्याही वहीत नाही. बंदी मागणाऱ्यांकडेही नाही. दोन्ही बाजू इतकी वर्षं कोर्टात भांडल्या, आणि ज्याच्यावरून भांडल्या त्याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

त्या भांडणात गावावर अन्याय झाला असं माझं मत आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. नांगरट ट्रॅक्टरकडे कधीच गेली होती. खिल्लार सांभाळणाऱ्याने बैल पळवायचा नाही, म्हातारा झाला तर विकायचा कुणाला हेही ठाऊक नाही, दावणीला बांधून खाऊ घालायचं, कशाच्या जोरावर? १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत आमच्या आळीतल्या दावणी रिकाम्या झाल्या. जो रेडिंग्टनने १९७३ मध्ये आयडिटारॉड सुरू केली तीही याच भीतीपोटी. स्नोमशीन, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारी, आल्या आणि गावागावांतले कुत्रे दिसेनासे झाले. १९२५ साली अलास्कातल्याच नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा वीस मशर आणि दीडशे कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत ६७४ मैलांवरून औषध पोचवलं होतं. पन्नास वर्षांत तेच कुत्रे कामाविना झाले. शर्यत नसती तर ते उरले नसते, असं इथले लोक म्हणतात, आणि दादाही बैलांबद्दल हेच म्हणतो.

मी हे अँकरेजमध्ये बोलते तेव्हा माणसं सभ्यपणे ऐकून घेतात. पण कोट्झब्यूच्या जॉन बेकर या मूलनिवासी मशरने २०११ साली शर्यत जिंकली तेव्हा त्याच्या माणसांना जे वाटलं असेल, ते मला कधी वाटणार नाही. इथले कुत्रे माझे नाहीत. ब्रेकअपच्या, म्हणजे वसंतात बर्फ वितळतं तेव्हाच्या, चिखलात गाडी अडकते, तेव्हा या राज्यात मी पाहुणी आहे हे कुणी न सांगता कळतं. मग मी फोनवर घाटाचे व्हिडिओ बघत बसते. पुढे घोडी, मागे धूळ, लाउडस्पीकरवर गाडामालकाचं नाव, आणि एक सेकंद का होईना, मी तिथेच असते. मावसबहीण म्हणते, 'तिकडे बसून प्रेम करायला काय जातं तुझं?' दादा म्हणतो, 'तिकडे बसून हिशेब मागायला काय जातं?' दोघांचंही मला लागतं. दूर राहून मी दोन्ही करते हे खरं आहे.

तरी मागते. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चित्रीकरण हे सगळं आलेलंच आहे. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. त्या कागदांच्या जोडीला यात्रा कमिटीने एक पान वाढवावं: पडलेल्या, जखमी झालेल्या, मेलेल्या प्रत्येक बैलाचं नाव, मालक, बारी, आणि पुढे त्याचं काय झालं. देवळाच्या फळ्यावर वर्गणीदारांच्या यादीशेजारी ते लावावं. ज्या कुणाला आपल्यावर रानटीपणाचा ठपका ठेवायचा आहे, त्याने तिथे उभं राहून वाचावं, आणि दादाला अमेरिकेतल्या कुत्र्यांचा आधार घ्यायची गरज पडू नये.

दादाला हे कळवलं. 'आधी यात्रेला ये, मग कमिटीला शिकव,' असं त्याचं उत्तर आलं. या चैत्रात जमणार नाही, इथली सुट्टी तेव्हा नाही. पण वडील गेल्यापासून त्या फळ्यावर त्यांच्या जागी माझं नाव लिहितात, आणि वर्गणीदाराला हिशेब विचारता येतो.