त्याने हात सोडले

सकाळची मॅच बघून आल्यापासून मला काही सुचत नाहीये. नीट जेवलोही नाही. लिहून मोकळा होतो.

आमचं धाकटं पोरगं चौदा वर्षांचं, अंडर-१५ फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतं, हे तुम्हाला माहीत आहे. आज तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचा एक पोरगा बॉल घेऊन सुसाट सुटला होता. आमच्याने त्याला मागून गाठलं, दोन्ही हात कमरेला घातले, पक्की पकड. आणि मग सोडलं. तो निसटला नाही, याने सोडला. मी बाउंड्रीला उभा होतो, वीस पावलांवर. हाताची बोटं उघडताना दिसली मला. तो पोरगा चार ढांगा पुढे गेला आणि गोल मारला. आमची पोरं याच्यावर ओरडली, कोच ओरडला. हा मान खाली घालून आपल्या जागेवर चालत गेला.

गाडीत विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "काही नाही." घर येईपर्यंत एवढंच.

मला माहीत आहे काय झालं. जूनमध्ये झालं ते.

जूनमध्ये याने असाच एक टॅकल केला होता. अगदी असाच, मागून, कमरेला. मैदान ओलं होतं, दोघं एकत्र खाली आले आणि त्या पोराचं डोकं जमिनीवर आपटलं. कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा बसला. अंपायरने रिपोर्ट केला आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही लीगच्या ट्रिब्युनलसमोर, म्हणजे शिक्षा ठरवणाऱ्या समितीसमोर. टेबलापलीकडे तीन मोठी माणसं, अलीकडे शाळेचा टाय लावलेलं माझं पोरगं. क्लबचा एक भला माणूस आमच्या बाजूने बोलायला आला होता, पेशाने प्लंबर, दिवसभर काम करून थेट तिथे. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "त्या क्षणी तू दुसरं काय करू शकला असतास?" पोरगं विचार करत बसलं. उत्तर शोधत नव्हतं, खरंच विचार करत होतं. मग म्हणालं, "त्याला सोडून दिलं असतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे पर्याय होता, तो वापरला नाही, म्हणजे निष्काळजीपणा. दोन मॅच बंदी.

तीन आठवड्यांनी त्याच लीगमध्ये दुसऱ्या क्लबच्या पोराचा तसाच टॅकल. व्हिडिओ मी स्वतः पाहिलाय, हाताला हात, कोनाला कोन. त्याचे वडील वकील घेऊन गेले होते. तोच प्रश्न विचारला गेला. पोराने पढवलेलं उत्तर दिलं, "विचार करायला वेळच नव्हता." निर्दोष.

मी त्या पोराला काही म्हणत नाही. त्याच्या बापालाही नाही. मला परवडलं असतं आणि सुचलं असतं तर मीही वकील नेला असता. पण माझ्या पोराने खरं सांगितलं म्हणून तो घरी बसला, हे मला अजून गिळता येत नाही.

आणि हे वरून खाली झिरपत आलंय. कोल्हापूरच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. एएफएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या फूटी लीगमध्ये, मॅच झाली की मॅच रिव्ह्यू ऑफिसर व्हिडिओ बघतो आणि तीन गोष्टी ठरवतो: मुद्दाम केलं की निष्काळजीपणे, धक्का अंगाला की डोक्याला, आणि जोर किती. जोराच्या चार पायऱ्या आहेत. डोक्याला निष्काळजी धक्का असेल तर सगळ्यात खालच्या पायरीला दंड भरून सुटका, आणि सगळ्यात वरच्या पायरीला कमीत कमी ३ सामने. आता जोर मोजतात कशावरून? मोठा भाग समोरच्याला काय झालं त्यावरून. तो उठून पळाला तर कमी जोर. कन्कशन झालं तर बहुतेक वरची पायरी. कृती तीच. गवत मऊ की कडक, समोरच्याने मान वळवली की नाही, यावर तुझी शिक्षा. पटलं नाही तर ट्रिब्युनल, तिथेही नाही पटलं तर अपील बोर्ड. आणि या वरच्या दोन्ही ठिकाणी कायद्याची माणसं.

२०२३ची मेनार्डची केस आठवते? माझ्या घरी त्या आठवड्यात भांडणं झाली होती. ७ सप्टेंबर, एमसीजी, कॉलिंगवूड विरुद्ध मेलबर्न, फायनल्सची, म्हणजे सीझनअखेरच्या निर्णायक सामन्यांची, पहिलीच मॅच. अँगस ब्रेशॉने बॉल मारला, ब्रेडन मेनार्डने तो अडवायला हवेत उडी घेतली आणि खाली येताना खांदा थेट ब्रेशॉच्या डोक्यावर. माणूस जागच्या जागी बेशुद्ध. स्ट्रेचरवरून नेला. मॅच रिव्ह्यू ऑफिसरला यात काही वावगं वाटलं नव्हतं, पण लीगच्या वरच्या लोकांनी हस्तक्षेप करून केस ट्रिब्युनलकडे पाठवली. म्हणजे एकाच ऑफिसातल्या लोकांचं एकमत नाही! सुनावणीत कॉलिंगवूडने शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारे तज्ज्ञ उभे केले. मुद्दा काय, तर एकदा माणूस हवेत गेला की विचार करून काही बदलायला वेळच उरत नाही. मेनार्ड निर्दोष सुटला, ३० सप्टेंबरची ग्रँड फायनल खेळला आणि कॉलिंगवूड ४ पॉइंटनी जिंकलं. त्यानंतर लीगने नियम बदलला, असा उडी मारून धक्का दिला तर यापुढे जबाबदारी तुझी. म्हणजे त्यांनाही ते बरोबर वाटत नव्हतंच.

ब्रेशॉ त्यानंतर एकही मॅच खेळला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने निवृत्त. वय २८.

वेळच नव्हता. सव्वीस वर्षांच्या व्यावसायिक खेळाडूला वेळ नव्हता, हे पटवायला तज्ज्ञ आले. माझ्या चौदा वर्षांच्या पोराला ओल्या मैदानावर वेळ होता, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं.

आणि मोठी मॅच जवळ आली की काय होतं बघा. २००५, सिडनीचा बॅरी हॉल, प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, मॅट मग्वायरला ठोसा. ट्रिब्युनल म्हणालं खेळाच्या ओघात झालं, पुढच्या आठवड्यात हा ग्रँड फायनल खेळला. २०१७, रिचमंडचा कॅप्टन कॉचिन, डिलन शीलला धक्का. आधीच दोन दंड झालेले, आणखी एक झाला असता तर ग्रँड फायनल हुकली असती. काहीच नाही. २०२३ला मेनार्ड. तिन्ही टीम आपापल्या वर्षी फ्लॅग, म्हणजे विजेतेपद, घेऊन गेल्या. हो, २००३मध्ये कॉलिंगवूडच्या अँथनी रोकाची ग्रँड फायनल बंदीमुळे हुकली होती, मला माहीत आहे, कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. लिहा. वीस वर्षांपूर्वीचं उदाहरण शोधावं लागतं यातच सगळं आलं.

मी बुलडॉग्ज टीमवाला. २०१३ला मेलबर्नला आलो तेव्हा फुटस्क्रेला भाड्याने राहिलो, शेजारचे म्हातारे आजोबा पहिल्याच महिन्यात मॅचला घेऊन गेले, तेव्हापासून. २०१६ला बासष्ट वर्षांनी फ्लॅग आला तेव्हा ते आजोबा आमच्या दारात उभे राहून रडत होते, हे मी इथे आधी लिहिलंय. त्याच आजोबांकडून मी क्रिस ग्रँटची गोष्ट पन्नास वेळा ऐकलीय. १९९७. ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल; त्याच्या मतमोजणीत बुलडॉग्जच्या ग्रँटला सगळ्यांपेक्षा एक मत जास्त. पण सीझनच्या सुरुवातीला हॉथॉर्नच्या एका खेळाडूला हात लागला म्हणून एका मॅचची बंदी झाली होती आणि बंदी झालेल्याला मेडल मिळत नाही. मैदानावरच्या अंपायरांनी रिपोर्टसुद्धा केला नव्हता! लीगने नंतर केस उभी केली. मेडल सेंट किल्डाच्या रॉबर्ट हार्वीला. हार्वी थोर खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण आजोबा ती गोष्ट सांगताना आवाज चढवत नसत, खाली आणत.

आता २०२२ घ्या. कार्लटनचा क्रिप्स, ब्रिस्बेनच्या आ ची याला धक्का, दोन मॅच बंदी. ट्रिब्युनलने कायम केली. अपील बोर्डाने उडवली. कृती चांगली होती म्हणून नाही, तर सुनावणीच्या पद्धतीत कायद्याची चूक झाली म्हणून. त्या वर्षीचं ब्राउनलो क्रिप्सला, एका मताने. बंदी टिकली असती तर ग्रँटसारखाच बाद झाला असता. मला क्रिप्स आवडतो. प्रामाणिक, अंगावर घेऊन खेळणारा माणूस. पण त्याच्याकडे कायद्याची चूक शोधणारे होते. आमच्याकडे प्लंबर होता, ज्याने नियमांच्या पुस्तकात पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या.

चार्ली कॅमेरॉन, २०२४. जेक लीव्हरवरचा टॅकल धोकादायक हे मान्य झालं, पण दोनशेच्या वर सामन्यांत कधी बंदी नाही, चांगला माणूस, म्हणून बंदीऐवजी फक्त पैशाचा दंड केला. माझ्या पोराचं रेकॉर्डही कोरं होतं. आठ वर्षांचा होता तेव्हापासून खेळतोय. तिथे कुणी विचारलं नाही. २०२५मध्ये नॉर्थ मेलबर्नचा पॉल कर्टिस, मागून धावत जाऊन जॉश सिनला धरला, तीन सामने, ट्रिब्युनलनेही कायम. तो टॅकल मी आणि पोराने सोबत बघितला होता टीव्हीवर, आणि पोरगं म्हणालं होतं, "बाबा, असंच शिकवतात ना आम्हाला?" त्याच सीझनमध्ये फ्रीमँटलचा अॅलेक्स पिअर्स, समोरासमोर धडक, समोरच्याला कन्कशन, त्यालाही तीन सामने लावले, आणि ट्रिब्युनलने पूर्ण माफ केले. पिअर्स सुटला ते बरोबरच झालं. पण मग कर्टिसने काय घोडं मारलं होतं?

डोकं जपायला हवं, याबद्दल वाद घालायला येऊ नका. मला माहीत आहे. रिचमंडचा माजी खेळाडू शेन टक ३८व्या वर्षी गेला आणि त्याचा मेंदू तपासल्यावर डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार सापडला, ते वाचल्यापासून मी पोराला दर मॅचआधी तेच सांगतो, हात मोकळे ठेव, फिरवून आपटू नको. शिक्षा कमी करा असं मी म्हणतच नाहीये. वाढवा हवं तर. चार करा, सहा करा. पण मग मेनार्डलाही तीच, वकिलाच्या पोरालाही तीच, आणि आमच्यालाही तीच.

मी शिवाजी पेठेतला. आमचे आण्णा मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. तिथेही पंच चुकायचे, गलका व्हायचा, आण्णा स्वतः शिव्या घालायचे. महाराष्ट्र केसरीत काय काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्याकडे सगळं निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. पण पाठ टेकली का नाही, एवढाच प्रश्न असायचा आणि हजारो लोक त्याच मातीकडे बघत असायचे. हरलेल्या पैलवानाला कुणी विचारायचं नाही की बाबा, तू दुसरं काय करू शकला असतास.

हाच प्रश्न मला खातोय. दोन महिने झाले. मी शेजारीच बसलो होतो. पोरगं विचार करत होतं तेव्हा मला वाटलं होतं, वा, किती शहाण्यासारखा विचार करतोय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. अभिमानाने. त्याला गप्प करायला हवं होतं का मी? लहानपणापासून खरं बोल, खरं बोल म्हणून त्याच्या मागे लागलेला मीच.

जखमी पोराच्या आईला मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता. व्हिएतनामी बाई, फार शांत. म्हणाली, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत झोपून होता, आता बरा आहे, तुमच्या मुलाला सांगा मी रागावलेली नाही. पाच आठवड्यांनी तो परत खेळायला लागला. हे मी पोराला सांगितलं होतं का, ते आता आठवत नाहीये. बंदी, अपील करायचं की नाही, अपीलची फी, यातच आम्ही दोघं नवरा-बायको इतके गुंतलो होतो.

आत्ता हे लिहीत असताना तो पाणी प्यायला बाहेर आला. मी विचारलं, "सकाळी सोडलंस ना त्याला तू? मुद्दाम?" म्हणाला, "हो."

"परत रिपोर्ट होईल म्हणून?"

जरा थांबला. म्हणाला, "नाही. जूनमधला तो पोरगा पडताना त्याचं डोकं दिसलं मला. खाली जाताना." मग म्हणाला, "पुढच्या रविवारी त्या जूनवाल्या पोराच्या टीमशी आहे ना? तो खेळतो का आता? डोकं दुखत नाही ना त्याचं?"

मी म्हटलं, खेळतो, बरा आहे, त्याच्या आईशी बोललो होतो मी. म्हणाला, "तू मला सांगितलं नाहीस." आणि गेला झोपायला.

वर जे लिहिलंय ते तसंच ठेवतोय, त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. फक्त रविवारी मॅचच्या आधी त्या पोराला आणि त्याच्या आईला भेटायला याला घेऊन जाणार आहे. बायको म्हणतेय रव्याचे लाडू करून नेऊ.